कंठ आणि पारपत्र : मेरियन अँडरसन व पॉल रोब्सन यांच्या चरित्रांचा तौलनिक विचार

अमेरिकेच्या विसाव्या शतकातील संगीतेतिहासात मेरियन अँडरसन व पॉल रोब्सन ही दोन नावे बहुधा एकत्र उच्चारली जातात, आणि एकत्र उच्चारून झाली की लगेच परस्परांपासून दूर नेली जातात. अँडरसनबाई सौम्य, धर्मशील व वादापासून अलिप्त. रोब्सन उग्र, राजकारणी व झुंजार, अशी ही ढोबळ विभागणी आहे. ती सोयीचीही आहे. कारण तिच्या योगाने एकीला लाभलेला सन्मान आणि दुसऱ्याच्या वाट्यास आलेला बहिष्कार ही दोघांच्या स्वभावांचीच फळे ठरतात, आणि ज्या शासनाने एकीस दूत म्हणून परदेशी पाठविले व दुसऱ्याचे पारपत्र काढून घेतले त्या शासनाकडे पाहण्याचे कारण उरत नाही. परंतु १९३९ ते १९५८ ह्या कालखंडातील घटना कालक्रमाने शेजारी शेजारी मांडून पाहिल्या, म्हणजे ह्या विभागणीस अनेक ठिकाणी तडे गेलेले दिसतात.

दोघेही समवयस्क. रोब्सन यांचा जन्म ९ एप्रिल १८९८ रोजी न्यू जर्सी संस्थानातील प्रिन्स्टन येथे झाला. अँडरसनबाईंचे जन्मवर्ष त्यांच्या हयातीत १९०२ असे छापले जाई. वस्तुतः ते १८९७ होते, हे जन्मनोंदीवरून पुढे सिद्ध झाले. रंगभूमीवरील स्त्रियांनी वय चोरण्याची रीत सर्वत्र आहे, तेव्हा त्याबद्दल आश्चर्य नको. मात्र ह्या पाच वर्षांचा हिशेब पुढे मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या प्रसंगी उपयोगी पडणारा आहे.

अँडरसनबाईंचे वडील फिलाडेल्फियात बर्फ व कोळसा विकीत. त्यांच्या अकाली निधनानंतर आईने धुणीभांडी व घरकाम करून तीन मुली वाढविल्या. ही आई लग्नापूर्वी व्हर्जिनियात शिक्षिका होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मेरियनचे पहिले गुरुकुल म्हणजे युनियन बॅप्टिस्ट चर्चचे गायकवृंद. शहरातील एका संगीतशाळेत ती प्रवेशासाठी गेली, तेव्हा रांगेतल्या सर्वांना अर्ज देऊन झाल्यावर, काळ्या वर्णाच्या मुलींस येथे घेत नाहीत, एवढेच तिला सांगण्यात आले. चर्चमधील मंडळींनी वर्गणी जमविली, आणि तिच्यावर ती ज्युसेप्पे बोगेत्ती यांच्याकडे शिकू लागली. १९२४ मधील न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधील जलसा फसला. प्रेक्षागृह रिकामे आणि जर्मन गीतांतील उच्चार कच्चे. ह्या अपयशाने खचून त्यांनी काही काळ गाणेच थांबविले. पुढल्याच वर्षी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकची स्पर्धा जिंकूनही अमेरिकेत त्यांना पुरेसे जलसे मिळेनात. अखेर कीर्ती लाभली ती युरोपात, विशेषतः स्कँडिनेव्हियन देशांत. तेथे कोस्ती व्हेहानेन ह्या फिनिश पियानोवादकाची त्यांना साथ मिळाली, वृद्ध सिबेलियसने त्यांचे गाणे आपल्या घरी ऐकले, आणि १९३५ मध्ये साल्झबुर्ग येथे, असा आवाज शतकातून एकदाच ऐकावयास मिळतो, अशा अर्थाचा अभिप्राय तोस्कानिनीने दिला. स्त्रीकंठाची सर्वांत खालची पट्टी, जिला पाश्चात्त्य संगीतात काँट्राल्टो म्हणतात, ती त्यांची. मंद्रातील स्वर भरदार राखूनही वरच्या स्वरांत सहज शिरण्याची जी हातोटी त्यांच्यापाशी होती, ती त्यांच्या ध्वनिमुद्रिकांतूनही कळून येते.

रोब्सन यांचा मार्ग निराळा, किंबहुना गायक होण्याचा त्यांचा हेतूच नव्हता. त्यांचे वडील जन्माने गुलाम होते. तरुणपणी पळून ते उत्तरेस आले व पुढे धर्मोपदेशक झाले. आई पॉल सहा वर्षांचे असताना घरातील आगीच्या अपघातात दगावली. १९१५ मध्ये रटगर्स महाविद्यालयात ते शिष्यवृत्तीवर दाखल झाले. फुटबॉलमध्ये त्यांनी राष्ट्रीय कीर्ती मिळविली, १९१९ मध्ये पदवीदानसमारंभात विद्यार्थ्यांच्या वतीने भाषण करण्याचा मान मिळविला, आणि १९२३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली. वकिलीच्या कचेरीत एका लघुलेखिकेने कृष्णवर्णीयाच्या तोंडचा मजकूर उतरून घेण्याचे नाकारले आणि त्यांनी तो व्यवसाय सोडला, अशी हकीकत त्यांच्या सर्व चरित्रांत येते. एका नकाराने माणसाच्या आयुष्याची दिशा बदलली असे म्हणणे अतिसुलभ होईल. पत्नी एस्लांडा हिच्या आग्रहाने नाटकात काम करणे तोपर्यंत सुरू झालेलेच होते. युजीन ओनीलच्या नाटकांतून ते नावारूपास आले. १९ एप्रिल १९२५ रोजी लॉरेन्स ब्राउन यांच्या पियानोच्या साथीने न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जो जलसा केला, त्याचे महत्त्व वेगळेच आहे. संपूर्ण कार्यक्रम कृष्णवर्णीयांच्या गीतांचा होता. शूबर्ट-ब्राम्सच्या गीतांनंतर शेवटी तोंडी लावल्यासारखी एकदोन 'स्पिरिच्युअल' गीते म्हणावयाची, हा तोवरचा शिष्टसंमत क्रम. गुलामांनी शेतांत व प्रार्थनासभांत रचलेली ही भक्तिगीते एकटीच संध्याकाळ भरून काढू शकतात, हे रोब्सन यांनी दाखवून दिले.

येथे दोघांच्या कलाविषयक भूमिकांत खरा भेद आहे, आणि तो स्वभावापेक्षा अधिक विचारात घेण्याजोगा आहे. अँडरसनबाईंची आकांक्षा अशी की, युरोपीय अभिजात गायनाच्या दरबारात कृष्णवर्णीय कंठाला त्याच्या गुणांवर आसन मिळावे. रोब्सन यांना त्या दरबाराची मातब्बरी फारशी वाटत नव्हती. लंडनमध्ये त्यांनी आफ्रिकी भाषांचा अभ्यास केला, रशियन शिकले, आणि निरनिराळ्या देशांतील लोकगीते मुळात एका कुळीची आहेत ह्या सिद्धान्ताचा ध्यास घेतला. ह्या सिद्धान्ताचा शास्त्रीय पाया कच्चा होता हे मान्य केले पाहिजे. पण वेल्समधील खाणकामगार आणि मिसिसिपीकाठचा हमाल यांना एकाच मंचावरून उद्देशून गाण्याचे बळ त्यांना त्यातूनच मिळाले.

१९३९ सालचा प्रसंग सुविदित आहे, तथापि त्यातील दोनतीन बाबींकडे सहसा दुर्लक्ष होते. वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठाने अँडरसनबाईंच्या जलशासाठी सुमारे चार हजार आसनांचे कॉन्स्टिट्यूशन हॉल मागितले. ते 'अमेरिकन क्रांतीच्या कन्या' ह्या कुलाभिमानी महिलासंस्थेच्या मालकीचे असून तिच्या करारपत्रात फक्त गोऱ्या कलावंतांसच मंच देण्याची अट होती. संस्थेने नकार दिला. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी तिच्या सभासदत्वाचा राजीनामा दिला, आणि संस्थेचे नाव न घेता ती गोष्ट आपल्या वृत्तपत्रीय सदरात जाहीर केली. त्यानंतर अंतर्गत कारभाराचे मंत्री हॅरोल्ड इकिस यांच्या अनुमतीने ९ एप्रिल, ईस्टर रविवार, रोजी लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर जलसा झाला. पाऊणलाख श्रोते समोर होते आणि रेडिओवरून ऐकणाऱ्यांची गणती नव्हती. ज्या स्मारकाच्या १९२२ मधील उद्घाटनप्रसंगी कृष्णवर्णीय पाहुण्यांना वेगळे बसविण्यात आले होते, त्याच्याच पायऱ्यांवर त्या दिवशी सर्व वर्णांचे लोक खांद्यास खांदा लावून उभे होते. (योगायोग असा की, तो दिवस रोब्सन यांचा एकेचाळिसावा वाढदिवस होता, ते मात्र त्या वेळी युरोपात होते.)

त्या दुपारी अँडरसनबाईंनी भाषण केले नाही. गाणे संपल्यावर दोन शब्द आभाराचे बोलल्या, तेही आपल्याला बोलता येत नाही असे सांगण्यापुरतेच. परंतु पहिल्या देशभक्तिपर गीतातील प्रथमपुरुषी एकवचनाच्या जागी त्यांनी अनेकवचन गायिले. ही चूक नव्हती. 'मी' ऐवजी 'आम्ही' म्हणताना त्या कोणाच्या वतीने गात आहेत हे समोरच्या समुदायास उमगले. ह्याच सुमारास रोब्सनही असेच काही करीत होते. 'शो बोट' ह्या संगीतनाटकातील 'ओल मॅन रिव्हर' हे गीत १९२८ पासून त्यांच्या नावाशी जडलेले होते. मूळ गीतातील थकलेला, हताश हमाल त्यांना रुचेनासा झाला, आणि आपल्या जलशांतून त्या गीताचे शब्द बदलून त्यांनी हमालाच्या तोंडी झुंजीची भाषा घातली. एकीने एक सर्वनाम बदलले, दुसऱ्याने ओळी बदलल्या. सौम्य व उग्र हा भेद येथे आहे, नाही असे नाही. पण तो प्रमाणाचा आहे, जातीचा नाही.

युद्धकाळात हे साम्य आणखी स्पष्ट होते. १७ फेब्रुवारी १९४२ रोजी कॅन्सस सिटी येथे श्रोत्यांना वर्णानुसार वेगळे बसविल्याचे पाहून रोब्सन यांनी मंचावरूनच निषेध नोंदविला. अँडरसनबाई दक्षिणेत गात तेव्हा आडव्या रांगांऐवजी उभी विभागणी मागत, म्हणजे पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत कृष्णवर्णीयांना जागा मिळे. पुढे १९५० नंतरच्या दशकात विभाजित प्रेक्षागृहात गाणेच त्यांनी वर्ज्य केले. आधी नाकारलेल्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्येही ७ जानेवारी १९४३ रोजी, चीनच्या साहाय्यार्थ, त्यांचे गायन झाले. त्याच वर्षी ब्रॉडवेवर रोब्सन यांचा 'ऑथेल्लो' आला. त्याचे २९६ प्रयोग झाले. तेथील व्यावसायिक रंगभूमीवर शेक्सपियरच्या नाटकास एवढा दीर्घ काळ प्रेक्षक लाभल्याचे दुसरे उदाहरण नव्हते. तात्पर्य, युद्ध संपले तेव्हा दोघेही राष्ट्रमान्य होते. उलट, दोहोंत अधिक लोकप्रिय कोण असे विचारले असते तर बहुधा रोब्सन यांचेच नाव निघाले असते.

पुढे जे घडले त्याचा आरंभ १९४६ मध्ये दिसतो. त्या वर्षी दक्षिणेत जमावाने केलेल्या हत्यांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून एक शिष्टमंडळ घेऊन रोब्सन राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना भेटले. ही भेट कडवटपणे संपली. एप्रिल १९४९ मध्ये पॅरिस येथील शांतता परिषदेत त्यांनी केलेल्या भाषणाचा जो वृत्तांत अमेरिकेत पोहोचला, त्याचा आशय असा की, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या छळले त्यांच्यासाठी सोव्हिएत रशियाशी लढावयास अमेरिकेतील कृष्णवर्णीय जातील हे कल्पनेतही येत नाही. वृत्तसंस्थेचा मजकूर व प्रत्यक्ष भाषण यांत तफावत होती हे पुढील संशोधनाने दाखविले आहे. पण तोवर व्हावयाचे ते होऊन गेले. जुलैमध्ये बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन यास प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे त्यांच्याविरुद्ध साक्षीस बोलाविण्यात आले. २७ ऑगस्टला न्यूयॉर्कजवळील पीक्स्किल येथील जलसा जमावाने हल्ला करून उधळला. ४ सप्टेंबरला तो पार पडला, पण परतणाऱ्या श्रोत्यांच्या गाड्यांवर दगडांचा वर्षाव झाला व शंभराहून अधिक माणसे जखमी झाली. ठरलेले जलसे भराभर रद्द झाले. मार्च १९५० मध्ये तर श्रीमती रूझवेल्ट यांच्याच दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांनी भाग घेण्याचे ठरले असता प्रक्षेपण कंपनीने तो बेत रद्द केला. अकरा वर्षांपूर्वी एका गायिकेस दार बंद झाले म्हणून ज्या बाईंनी राजीनामा दिला होता, त्यांच्याच दारात हा दुसरा गायक अडविला गेला.

त्याच उन्हाळ्यात परराष्ट्रखात्याने त्यांचे पारपत्र रद्द केले. प्रकरण न्यायालयात गेल्यावर सरकारपक्षाने जे निवेदन दाखल केले, त्यात अर्जदार अनेक वर्षे आफ्रिकेतील परतंत्र जनतेच्या स्वातंत्र्यासाठी राजकीय कार्य करीत आहे, हे एक कारण म्हणून नमूद होते. भारतीय वाचकाने ह्या ठिकाणी क्षणभर थांबावे असे हे वाक्य आहे. साम्यवादाशी असलेली जवळीक हा उघड आक्षेप होताच. पण वसाहतींच्या मुक्तीचा पुरस्कार हाही परदेशगमनास अपात्र ठरविणारा दोष मानला गेला. १९३८ मध्ये लंडन येथे जवाहरलाल नेहरूंच्या स्वागतासाठी भरलेल्या सभेत रोब्सन बोलले होते, तेही ह्याच भूमिकेवरून.

रोब्सन यांच्या बाजूनेही एक दोष निःसंदिग्धपणे मांडला पाहिजे. सोव्हिएत शासनाविषयी ते आंधळे राहिले, निदान जाहीरपणे तरी. १९४९ मध्ये मॉस्कोत त्यांना आपला मित्र, यिद्दिश कवी इत्झिक फेफर, कैदेत असल्याचे कळून चुकले होते. तेथील जलशात त्यांनी वॉर्सातील ज्यूंच्या उठावाचे गीत गाऊन आपल्या भावना व्यक्त केल्या खऱ्या. पण मायदेशी परतल्यावर रशियात ज्यूंचा छळ होत असल्याच्या वार्ता त्यांनी नाकारल्या. फेफरला १९५२ मध्ये देहदंड झाला, आणि त्याच वर्षी रोब्सन यांना स्टालिनच्या नावाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. त्यांच्या शत्रूंच्या हाती आयते शस्त्र देऊ नये म्हणून ते गप्प राहिले, असे समर्थन केले जाते. ते समजून घेता येते, मान्य करता येत नाही.

पारपत्र हिरावल्यावर कॅनडासारख्या, पारपत्राची गरजच नसलेल्या देशातही त्यांना जाऊ दिले नाही. तेव्हा १८ मे १९५२ रोजी वॉशिंग्टन संस्थानाच्या सीमेवरील शांति-कमानीपाशी एका मालमोटारीच्या उघड्या पाठीवर उभे राहून ते गायिले. हजारो श्रोते सीमेच्या दोन्ही अंगांना होते. १९५६ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीने, रशियातच का राहिला नाहीत, असे विचारले, तेव्हा आपला बाप गुलाम होता, ह्या देशाच्या उभारणीत आपली माणसे खपली, म्हणून येथेच राहून आपला वाटा घेणार, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले.

ह्याच काळात अँडरसनबाई ७ जानेवारी १९५५ रोजी मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या रंगमंचावर आल्या. त्या मंचावर प्रमुख भूमिका करणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय गायिका. व्हेर्दीच्या संगीतिकेतील उल्रिका ह्या भविष्यवेत्तीची भूमिका त्यांना व्यवस्थापक रुडॉल्फ बिंग यांनी दिली. श्रोत्यांनी उभे राहून स्वागत केले. पण त्या वेळी त्यांचे खरे वय सत्तावन्न होते, आणि कंठाचे वैभव ओसरू लागले होते. ज्या वयात त्या मंचावर त्यांनी पंचवीस भूमिका गाजविल्या असत्या, ते वय संस्थेने दाराबाहेर घालविले होते. सन्मानाच्या वर्णनांत हा हिशेब सहसा येत नाही.

१९५७ च्या शरद ऋतूत ही दोन चरित्रे अगदी समोरासमोर येतात. परराष्ट्रखात्याच्या साहाय्याने अँडरसनबाई आशियाच्या दौऱ्यावर निघाल्या. सुमारे दहा आठवड्यांत बारा देश झाले, आणि एडवर्ड मरो यांच्या चमूने टिपलेला त्याचा चित्रपट ३० डिसेंबर रोजी अमेरिकेत दूरचित्रवाणीवरून दाखविला गेला. दिल्लीत गांधीजींच्या स्मारकापाशी त्यांनी महात्माजींचे आवडते इंग्रजी भक्तिगीत गायिले. नेमक्या त्याच महिन्यांत आर्कान्सा संस्थानातील लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत पोहोचविण्यासाठी सैन्य पाठवावे लागले होते, आणि आशियातील वार्ताहर अँडरसनबाईंना त्याविषयी विचारीत. त्या संयमाने उत्तर देत. आपल्या गाण्याने तेथील गव्हर्नरचे मन पालटणार असेल तर त्याच्यापुढेही गाऊ, असा त्यांचा सूर असे. परराष्ट्रखात्यास ह्याहून अधिक काय हवे होते? प्रश्न त्यांच्या कातडीमुळे विचारला जाई आणि उत्तरही त्यांच्या कातडीमुळेच पटे.

दौऱ्याच्या ह्याच दिवसांत, ५ ऑक्टोबर १९५७ रोजी, रोब्सन न्यूयॉर्कमधील एका ध्वनिमुद्रणगृहात बसून वेल्समधील पोर्थकॉल येथे जमलेल्या खाणकामगारांसाठी गात होते. आदल्या वर्षीच अटलांटिकच्या तळाशी दूरध्वनीची पहिली तार कार्यान्वित झाली होती. तिच्यावरून त्यांचा आवाज पलीकडे गेला आणि कामगारांच्या गायकवृंदाचे उत्तर अलीकडे आले. मे महिन्यात लंडनच्या सेंट पँक्रस टाउन हॉलसाठी असाच जलसा झाला होता. माणसास सीमा ओलांडू न देणाऱ्या शासनापाशी तारेतून जाणारा आवाज अडविण्याची तरतूद नव्हती.

मुंबईचा ह्या इतिहासाशी प्रत्यक्ष संबंध येतो तो येथे. ९ एप्रिल १९५८ रोजी रोब्सन यांची साठी होती. ती भारतात साजरी करण्यासाठी जी समिती झाली, तिचे अध्यक्षपद मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी स्वीकारले. पंतप्रधान नेहरूंनी संदेश दिला. त्यात रोब्सन केवळ थोर कलावंत म्हणून नव्हे, तर ज्या कार्यासाठी ते झिजले त्यासाठीही आदरास पात्र आहेत, असा भाव होता. अमेरिकन राजनैतिक अधिकाऱ्यांना हे मुळीच रुचले नाही, आणि समारंभ होऊ नये अथवा त्याचे महत्त्व तरी कमी व्हावे ह्यासाठी त्यांनी आपले वजन खर्ची घालून पाहिले. छागला हटले नाहीत. पदारूढ मुख्य न्यायमूर्तीने परराष्ट्राच्या एका वादग्रस्त नागरिकाचा सत्कार आयोजित करावा की नाही, ह्याविषयी मतभेद संभवतो; पण एका बाबतीत छागला यांचे पाऊल कायद्याच्या माणसाचेच होते. नागरिकास त्याच्या मतांसाठी देशात कोंडून ठेवता येते काय, हाच प्रश्न त्या वेळी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे होता. रॉकवेल केंट ह्या चित्रकाराच्या दाव्यात १६ जून १९५८ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: प्रवासाचे स्वातंत्र्य हा नागरिकाच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, आणि मतांसाठी पारपत्र नाकारण्याचा अधिकार विधिमंडळाने परराष्ट्रमंत्र्यास दिलेला नाही. रोब्सन यांचे पारपत्र परत आले व जुलैमध्ये ते लंडनला गेले. छागला त्याच वर्षी भारताचे राजदूत म्हणून वॉशिंग्टनला रुजू झाले. साठीच्या समारंभाने त्यांच्या नेमणुकीत विघ्न आले नाही.

आणि अँडरसनबाई? राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५८ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रसंघातील पर्यायी प्रतिनिधी नेमले. काम मिळाले ते विश्वस्त प्रदेशांचा विचार करणाऱ्या समितीत, म्हणजे पुष्कळ अंशी आफ्रिकेतील परतंत्र जनतेच्या भवितव्याविषयीच. ज्या विषयावर बोलल्याबद्दल एकाचे पारपत्र गेले, त्याच विषयावर शासनाने लिहून दिलेले निवेदन वाचण्याचे काम दुसरीकडे आले. त्यांनी ते निष्ठेने केले, परंतु त्यात त्यांचे मन रमले असे त्या काळच्या हकीकतींवरून वाटत नाही.

उत्तरायुष्याविषयी फार लिहिण्याजोगे नाही. रोब्सन यांनी १९५९ मध्ये स्ट्रॅटफर्ड येथे पुन्हा ऑथेल्लो केला. १९६१ मध्ये मॉस्कोत त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला आणि त्यानंतर त्यांची प्रकृती कधीच पूर्ववत झाली नाही. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या महामोर्चात अँडरसनबाई पुनश्च लिंकन स्मारकासमोर गायिल्या, तेव्हा रोब्सन पूर्व बर्लिनमधील रुग्णालयात होते. डिसेंबरात ते मायदेशी परतले, पत्नीच्या निधनानंतर फिलाडेल्फियात बहिणीच्या घरी राहू लागले, आणि तेथेच २३ जानेवारी १९७६ रोजी वारले. अंत्यविधी हार्लेममधील ज्या चर्चमध्ये झाला, तेथे त्यांचे थोरले बंधू धर्मोपदेशक होते. अँडरसनबाईंनी १९६५ च्या ईस्टर रविवारी कार्नेगी हॉलमध्ये निरोपाचा जलसा केला. ८ एप्रिल १९९३ रोजी पोर्टलंड येथे त्यांचा अंत झाला. टपालखात्याने २००४ मध्ये रोब्सन यांचे व २००५ मध्ये अँडरसनबाईंचे तिकीट काढले. फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदाचे सभागृह २०२४ पासून अँडरसनबाईंच्या नावाने ओळखले जाते. त्याच शहरात वॉलनट स्ट्रीटवर रोब्सन यांच्या बहिणीचे घर त्यांच्या स्मृत्यर्थ जतन केलेले आहे.